दत्तक घ्यायचंय? मग आडवाट नको!

‘‘ताई, ओळखीच्या नर्सबाई बाळ मिळवून देते म्हणतात. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की झालं. घेऊ का?’’ तालुक्याच्या गावी गेलं, की हा प्रश्न हमखास कानावर येतो. माझं उत्तर एकच : नको गं बाई!

नवजात बाळं विकणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात विकणाऱ्याइतकाच घेणाराही गुन्हेगार ठरतो. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. शिवाय पोलिस आले, की लळा लागलेलं बाळ कडेवरून जातं, ते वेगळंच.

सरळ वाट अशी आहे. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. मग मान्यताप्राप्त संस्थेची समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करते. यादीत नंबर लागला, की बाळाची माहिती मिळते. पसंती दिल्यावर बाळ आधी संगोपनासाठी घरी येतं, आणि नंतर दत्तकविधानाचा आदेश होतो. कायद्यातल्या दुरुस्तीने १ सप्टेंबर २०२२पासून हे अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रीलाही मूल घेता येतं. धर्माचीही आडकाठी नाही.

‘एवढा वेळ कशाला?’ असं वाटतं ना? तान्ह्या बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं, हे खरं आहे. पण त्या दुसऱ्या बाईचाही विचार करा. बालकल्याण समितीपुढे मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. नाइलाजाने बाळ देणारी एखादी या काळात सावरते आणि बाळाला परत नेते. नर्सबाईंच्या सौद्यात तिला कोण विचारतं?

नात्यातलं मूल घ्यायचं असेल, तर हिंदू कुटुंबांसाठी १९५६चा दत्तक कायदा आहे. तिथे जन्मदात्यांनी स्वतः मूल द्यावं लागतं, आणि पैसे देणं-घेणं तिथेही चालत नाही. दत्तकपत्र मात्र रजिस्टर करून घ्याच.

उद्या शाळेचा दाखला, पासपोर्ट, घराचा वाटा, सगळीकडे कागद विचारला जाणार. तुमच्या माघारी दीर-जावांनी ‘हे आमचं नव्हेच’ म्हटलं, तर त्या लेकराच्या हातात काय असेल? म्हणून मैत्रिणींनो, नर्सबाईंचं दार ठोठावण्याआधी जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाची पायरी चढा. थोडं थांबावं लागेल, पण मूल हक्काने तुमचं होईल!