आधी पाय, मग रॅकेट

टेनिस हा खेळ आपल्या भागात बहुतेकांनी टीव्हीच्या पडद्यावरच पाहिलेला असतो. पाहताना आपली नजर खेळाडूच्या हातावर खिळलेली असते. फटका किती जोरात मारला, मनगट कसे फिरवले, याचीच चर्चा होते. मुलाला खेळाची गोडी लागली की पालक दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, रॅकेट कोणती घ्यावी? बूट कोणते चांगले?" टेनिस असो, बॅडमिंटन असो की क्रिकेट, प्रश्न साहित्याचाच असतो. पाय कसे टाकायला शिकवावे, हे विचारणारा पालक चारठाण्यात मला अजून भेटायचा आहे. म्हणून आजचा लेख पायांसाठी.

क्रिकेटच्या वार्ताहरांनी याला 'पदलालित्य' असे गोड नाव दिले आहे. नावावरून ही काही शोभेची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती खेळाचा पायाच आहे. टेनिसचे कोर्ट सुमारे २४ मीटर लांब असते. सरासरी ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू हे अंतर एका सेकंदाच्या आत कापतो. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला कळून पाय हलू लागेपर्यंत त्यातला साधारण पाचवा हिस्सा निघून जातो. उरलेल्या वेळात चेंडूजवळ पोहोचायचे, तोल सावरायचा आणि मग फटका मारायचा. हे हाताने साधत नाही, पायांनीच साधते.

चांगला खेळाडू काय करतो, ते पुढच्या वेळी टीव्हीवर नीट पाहा. समोरचा चेंडू मारतो त्या क्षणाच्या सुमारास तो जागेवरच एक हलकी उडी घेतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले आणि भार टाचांवर नसून चवड्यांवर. जमिनीवर टेकताना पायांचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेल्या रबराप्रमाणे त्याला हव्या त्या दिशेला ढकलतात. सुरुवातीला तो मोठ्या ढांगा टाकतो, चेंडू जवळ आला की भराभर लहान लहान पावले. चेंडू अपेक्षेपेक्षा उंच उसळला, वळला किंवा आखूड पडला तर याच लहान पावलांनी तो स्वतःला पुढे-मागे सरकवून घेतो. आपल्या गावच्या जुन्या बारवेत उतरताना आपणही असेच करतो. पायरी ओबडधोबड दिसली की पाऊल आपोआप आखूड होते.

पाय वेळेवर पोहोचले नाहीत तर काय होते? खेळाडू हात लांब करतो, कमरेत वाकतो, उशिरा मनगट मोडून चेंडू ढकलतो. पायांनी चुकवलेले काम मग कोपर, खांदा आणि कंबर यांच्यावर येऊन पडते. 'टेनिस एल्बो' या दुखण्याचे हे एक कारण. (आमच्याकडे हे दुखणे घेऊन येतात त्यांत धुणे पिळणाऱ्या बायाच अधिक, ही गोष्ट वेगळी!)

दुसरी दुखापत घोट्याची. तोल गेलेला असताना पाऊल बाहेरच्या कडेवर पडले की घोटा मुरगळतो. आपल्याकडे लगेच तेल लावून चोळण्याची पद्धत आहे. माझे स्पष्ट मत आहे की पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. पायाला विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५-२० मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण पाय कुठे कसा टेकला याची त्याची जाण मंदावते. ती जाण तोलाच्या व्यायामाने परत येते. हा व्यायाम करून न घेता मुलाला तसेच मैदानात पाठवले की पोरगे कायमचे खेळ सोडून बसते, आणि खापर फुटते नशिबावर.

हे सगळे शिकायला कोर्ट लागत नाही. मुरुमाची, खडे वेचून घेतलेली थोडी सपाट जागा पुरे. भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर मात्र मुलांना धावू देऊ नये. दहा मिनिटे अंग मोकळे करून घ्यावे. मग एकाने चेंडू डावीकडे, उजवीकडे, जवळ, लांब असा टाकावा. दुसऱ्याने चेंडू हातातून सुटताना हलकी उडी घ्यावी, एका टप्प्यानंतर तो पोटासमोर दोन्ही हातांनी झेलावा आणि परत मधल्या जागी यावे. हात लांब करून झेलला तर बाद! या एका नियमाने पाय आपोआप चालू लागतात. जोडीला एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे आणि आपली जुनी लंगडी. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. खो-खोत पळणारा गडी पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर नजर ठेवून पावले बदलतो, हुलकावणी देतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. टेनिसमध्येही बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. बार्शी आणि श्रीरामपूर ही काही महानगरे नव्हेत. आपल्याकडे मात्र मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे पळणे बंद होते, आणि परीक्षा जवळ आली की शाळेतला खेळाचा तास गणिताला दिला जातो. दोन्ही गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने घातक आहेत, असे मला वाटते.

कारण प्रश्न पदकाचा नाही. लहानपणी कमावलेला तोल जपला तर तो उतारवयातही उपयोगी पडतो. साठीनंतर ओल्या मोरीत पाय घसरून खुबा मोडलेली माणसे मी पाहतो. त्या वेळी सावरून घेते ते एक चटकन टाकलेले लहान पाऊलच. तेव्हा पालकहो, बूट आणि रॅकेट सवडीने घ्या. आज संध्याकाळी एक जुना चेंडू शोधा आणि मुला-मुलींना अंगणात उतरवा. जमल्यास त्यांच्याबरोबर तुम्हीही थोडा वेळ एका पायावर उभे राहा.