टी-शर्ट नको, माणसं हवीत

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. मी काय करत होतो? व्हिडिओ फॉरवर्ड! आपण आयटीवाले वर्षातून एकदा कंपनीच्या टी-शर्टात रोपटं लावतो, फोटो काढतो. झाली सामाजिक जबाबदारी. मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार, बाप्पा?

याच नागपुरात ग्रीन व्हिजिलची पोरं पौर्णिमेला दुकानादुकानांत जाऊन तासभर जादा दिवे बंद करा म्हणून सांगत फिरली. एका तासात वीज कितीशी वाचणार, मान्य. पण दर महिन्याला तीच माणसं भेटतात ना! पुरात हाक कोणाला मारायची, ते तिथेच कळतं.

दहा जण, महिन्यातला एक रविवार, एकच नाला. जमत असेल तर बोला, नाहीतर पर्यावरणावरच्या गप्पा बंद!