पेशींचा इलाज : आधी कागद, मग पैसा

मेहकरच्या बाजारात कापडाचा तागा घेतानाही आपण तो उलगडून पाहतो. सोने कसाला लावल्याशिवाय घेत नाही. मात्र घरात कोणाला लकवा किंवा कंपवात झाला, अथवा मूल सेरेब्रल पाल्सीचे निघाले, की हाच चोखंदळ दुकानदार केवळ शब्दावर लाखोंची रक्कम मोजायला तयार होतो. 'स्टेम सेल', म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराबाबत हा धोका मोठा आहे. दुकान गहाण पडण्याचा हा प्रश्न असल्यामुळे व्यापाराच्या पानावर त्याची चर्चा आम्ही आवश्यक समजतो.

या उपचारात बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातील मगज काढतात, त्यातील पेशी वेगळ्या करतात आणि पाठीतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. थॅलेसेमिया व रक्ताच्या काही कर्करोगांवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा सिद्ध इलाज आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु मेंदूच्या विकारांत या पेशींचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा विकारांत त्यांचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेवर हा उपचार करण्याची शिफारस नाकारली.

याचा अर्थ विज्ञान थांबले असा नव्हे. जपानच्या क्योटो विद्यापीठाने कंपवाताच्या ७ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींच्या हालचाली सुधारल्या. पण ७ रुग्णांची चाचणी ही सुरुवात आहे, बाजारात विकायचा माल नव्हे.

'अमक्याला गुण आला' असे कोणी सांगेल. लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत शरीर आपोआपही काही प्रमाणात सावरते. शिवाय पेशींबरोबर फिजिओथेरपीही दिली जाते. मग गुण कशाचा, हे चाचणीशिवाय कसे ठरवणार?

म्हणून रक्कम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही मंजूर चाचणी आहे काय? भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील तिचा क्रमांक कोणता? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? चाचणीतल्या उपचाराचे शुल्क रुग्णाकडून घेणे संशोधनाच्या नीतिनियमांत बसत नाही. नुसता नोंदणी क्रमांक म्हणजे गुणाची हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. लकवा, फेपरे व मेंदूचे विकार बरे करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, म्हणून पक्की पावती व संमतिपत्राची प्रत जपून ठेवा.

आमचे मत स्पष्ट आहे. शिंप्याचे मशीन किंवा सुताराची अवजारे विकून आशा विकत घेऊ नये. तोच पैसा नियमित फिजिओथेरपी, औषधे व मुलाच्या शिक्षणावर लावावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी केंद्राची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते व थेरपीचा खर्चही धरला जातो. तिचा अर्ज आधी भरावा. आजारी माणसाची सेवा वर्षानुवर्षे करायची असते, आणि त्यासाठी घरातील चूल व दुकान दोन्ही चालू राहिले पाहिजेत.