कर्णा, भोंगा आणि घरचा स्पीकर

फुल-रेंज ड्रायव्हर म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्यापासून टाळाच्या किणकिणाटापर्यंत सगळा आवाज एकाच कागदी शंकूतून काढणारा स्पीकर. वूफर वेगळा, ट्विटर वेगळा आणि मध्ये वाटणी करणारे सर्किट, असा संसार त्याला नसतो. त्याच्या पाठीशी हळूहळू रुंदावत जाणारा, घड्या घालून पेटीत बसवलेला लाकडी बोगदा जोडला की कर्णा-कॅबिनेट तयार होते. शब्द देवळातल्या वाजंत्र्यांकडून आला आहे. एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला फुललेले पितळी वाद्य ते हेच.

पहिला आक्षेप या नावावरच येतो. कर्णा म्हणजे भोंगा, आणि भोंग्याचा आवाज नाकातला. सिंहस्थात रामकुंडावर हरवलेल्यांची नावे पुकारणारा किंवा प्रचाराच्या रिक्षावर बांधलेला भोंगा ज्याने ऐकला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. पण दोष तत्त्वाचा नाही, मापाचा आहे. मोकळ्या हवेतला कर्णा जितका खाली उतरतो, तितक्या लांबीच्या ध्वनिलहरीएवढा तरी त्याच्या मुखाचा घेर असावा लागतो. ४० सें.मी. व्यासाच्या भोंग्याचा घेर होतो सव्वा मीटर, आणि तेवढी लहर असते सुमारे २७५ हर्ट्झची. त्याखालचे सारे तो गाळून टाकतो. काळी एकच्या पट्टीत मधला सा १३९ हर्ट्झवर आणि खर्ज ६९ वर असतो. म्हणजे गवयाचा अर्धा गळा भोंग्याच्या हद्दीबाहेरच राहतो. त्यात पत्र्याची थरथर आणि कमाल पातळीवर ताणलेला अँप्लिफायर. एवढ्यावरून घरच्या लाकडी कर्ण्याला दोष देणे म्हणजे पिपाणी ऐकून सनईला नावे ठेवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे. कर्ण्याचा शोध गरजेपोटी लागला, ती गरज संपली, असे तो म्हणतो. यातला इतिहास खरा आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ साली मूकपट म्हणून तयार झाला आणि बोलपट आल्यामुळे नंतर त्याला आवाज जोडावा लागला. त्या काळच्या अँप्लिफायरची ताकद मोजक्या वॅटची. तेवढ्यात अख्खे थिएटर भरायचे तर पडद्यामागे प्रचंड कर्णे उभे करण्यावाचून इलाज नव्हता. आज शंभर वॅटचा अँप्लिफायर सहज मिळतो, मग कपाटाएवढा खोका कशाला?

उत्तर वॅटमध्ये नाही, शंकूच्या हालचालीत आहे. उघड्या शंकूला हवा जवळजवळ हातीच लागत नाही. साध्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम एक टक्का भाग आवाज होतो. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज काढायला शंकूला चौपट हलावे लागते. फुल-रेंज ड्रायव्हरचा हलका शंकू जेमतेम मिलिमीटरभर नीट हलतो. खर्जासाठी तो मागेपुढे झुलू लागला की त्याच शंकूवरून निघणारा गायकाचा आवाज गढूळ होतो. कर्णा शंकूच्या पाठीवर हवेचे वजन ठेवतो, म्हणून कमी हालचालीत तेवढाच खर्ज मिळतो. वॅट वाढवून हे साधत नाही. उलट शंकू आणखी झुलतो. म्हणूनच ब्रिटिश अभियंता पॉल व्हॉइग्ट यांनी १९३० च्या दशकात घराच्या कोपऱ्यात ठेवण्याचा कर्णा काढला, तोही एकाच ड्रायव्हरवर चालणारा.

तिसरा आक्षेप सुताराचा. वक्र बोगदा घरगुती हत्यारांनी कसा कापणार? गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेचे घडीचे बेस आपल्याकडचे सुतारच ठोकतात, हे एक उत्तर. दुसरे उत्तर भौतिकशास्त्राचे आहे. बोगद्यातून जायचे ते दोन-अडीचशे हर्ट्झखालचे सूर. त्यांची लहर दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. अशा लहरीला वक्र आणि सरळ फळ्यांचे तुकडे यांत फरक कळत नाही, पाच मिलिमीटरची चूकही कळत नाही. तिला कळते ती फट. म्हणून करवतीपेक्षा फेव्हिकॉल महत्त्वाचा, आणि एमडीएफपेक्षा १८ मि.मी.चा मरीन प्लाय. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात.

जागेचा आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. घातांकी आकाराचा, १०० चौ. सें.मी. घशाचा (म्हणजे अरुंद टोकाचा), जमीन आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा ५० हर्ट्झपर्यंत न्यायचा तर बोगद्याची लांबी २.१ मीटर आणि पोकळी अडीचशे लिटर होते, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिंपाहून जास्त. ८० हर्ट्झवर थांबले तर लांबी एक मीटर आणि पोकळी ६० लिटर. शहाणपण मध्ये आहे: ६० हर्ट्झ, १.६ मीटर, १४५ लिटर. कोपऱ्याच्या भरवशावर मुख अष्टमांश करता येते, ते भिंती पक्क्या असतील तरच. नाशिकच्या विटा-सिमेंटच्या घरांत ही अट आपोआप पुरी होते. परदेशातल्या पोकळ, पातळ भिंती बराचसा खर्ज गिळतात. अडचण वेगळीच निघते. फ्लॅटमध्ये ज्या कोपऱ्यात दार किंवा बाल्कनी नाही, असा कोपरा शोधावा लागतो.

कर्ण्याच्या भक्तांचेही दोन दावे खोडावे लागतात. कुठलाही ड्रायव्हर कर्ण्यात चालतो, हा पहिला. मोटारीतला जड शंकूचा स्पीकर इथे कामाचा नाही. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस नावाचा आकडा असतो. तो साधारण ०.२ ते ०.३५, शंकू हलका आणि चुंबक जोरदार हवा. लोथर आणि फोस्टेक्स या कंपन्यांचे ड्रायव्हर याच कामासाठी नावाजले. दुसरा दावा निर्दोषपणाचा. पाठीचा आवाज १.६ मीटर फिरून, पाच मिलिसेकंदांच्या आत पण उशिराच बाहेर पडतो आणि २१५ हर्ट्झच्या आसपास पुढच्या आवाजाला खातो. हा खड्डा पेटी बांधण्याआधी कागदावरही दिसतो. शंकू आणि घसा यांच्यामध्ये सुमारे पावणेतीन लिटरची हवेची कोठी ठेवली की २०० हर्ट्झच्या वरचे सूर बोगद्यात कमी शिरतात आणि खड्डा उथळ होतो. तो पुरता बुजत नाही. ढोल-ताशाचा दणका किंवा सिनेमातले स्फोट ज्यांना हवेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

गळ्याच्या संगीतासाठी मात्र हा व्यवहार फायद्याचा. द. वि. पलुस्करांचे ध्वनिमुद्रण घ्यावे. ते १९५५ साली गेले. त्यांचे गाणे मोनो आहे, म्हणजे डावे-उजवे नाहीच. त्याला एकच कॅबिनेट आणि एकच कोपरा पुरतो, आणि प्लायचे तक्तेही निम्मे लागतात. गायकाचा आवाज दोन-तीन ड्रायव्हरांत वाटला न जाता एका जागेवरून येतो, हा लाभ कर्ण्याचा नसून फुल-रेंजचा. कर्णा फक्त त्याच्या पायाखाली जमीन देतो. वरचे सूर मात्र असा ड्रायव्हर टॉर्चच्या झोतासारखे अरुंद फेकतो. म्हणून पेटीत तो बसवायचा तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, आणि गादी-लोडाच्या बैठकीत ती उंची खुर्चीपेक्षा चांगली वीतभर कमी भरते.