फातिमाबींचा पुरावा कुठे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर दावा केला, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी बाई कधी झालीच नाही. आपल्यापैकी अनेकांनी संतापून उत्तरे दिली. संताप समजण्यासारखा होता, पण खरे उत्तर एका जुन्या पत्रात होते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिले, की आपल्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात हे पत्र आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो छापला आणि पुढे मोफत वाचायला खुला केला. त्यामुळे कसाऱ्यातली कॉलेजची मुलगीही फोनवर ते पान काढून दाखवू शकते.

याच पत्राने आपल्यालाही प्रश्न विचारला. त्यात फक्त ‘फातिमा’ हे नाव आहे, आडनाव नाही. आपण उत्साहाने पुढे पाठवतो त्या जन्मतारखेला आधार कोणता? सत्यशोधन करायचे तर हा प्रश्न आपणच आधी विचारला पाहिजे. पुरावा सर्वांसाठी उघडा असला की विरोधकाचा खोटेपणा दिसतो, तशी आपली अतिशयोक्तीही दिसते.

इथे मोफत आणि मुक्त यांतला फरक ध्यानात घ्यावा. मोफत म्हणजे वाचायला पैसे नाहीत. मुक्त म्हणजे नक्कल करायला, भाषांतर करायला, वाटायलाही परवानगी आहे. विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था विकिपीडिया याच तत्त्वावर चालवते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यातल्या प्रत्येक लेखाचा इतिहास उघडा असतो: कोणते वाक्य कधी घातले, कधी काढले, सगळे दिसते. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडच्या बाबतीत हीच शिस्त पाळतो.

कसारा हे लोकलचे शेवटचे स्टेशन. इथून मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन यायचे म्हणजे दिवस गेला. घाटात आणि पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही. पण विकिपीडिया मुक्त असल्यामुळेच ‘किविक्स’ या मोफत अ‍ॅपमध्ये तो एकदा उतरवून घेता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतो. एका शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवरही हे होते.

वाचणे ही मात्र अर्धीच बाजू. शहापूर-मुरबाडच्या मुस्लिम वस्त्या कशा वसल्या, कोणाच्या घरातली मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली, हे आज दादी-नानींच्या आठवणीत आहे. विकिपीडिया नुसती आठवण संदर्भ म्हणून घेत नाही, छापून आलेला विश्वासार्ह मजकूर मागतो. म्हणून आधी त्यांच्या परवानगीने मुलाखत घ्या, नाव, गाव, तारीख लिहा आणि ती प्रसिद्ध करा. आज ही नोंद झाली नाही, तर दीडशे वर्षांनी इथल्या एखाद्या फातिमाबद्दलही ‘ती झालीच नाही’ असे कोणी म्हणेल, आणि दाखवायला पत्रसुद्धा नसेल.

दुसरे काम आपल्या घरातले आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० रोजी खुले होईल. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३८ उजाडावे लागेल. पण कायदा हक्कदारांना थांबायला लावत नाही. ते आजही मुक्त परवाना देऊ शकतात, आणि तशी विनंती आपण आदराने करू शकतो.

मात्र दुसऱ्यांकडे मागण्याआधी चळवळींनी आपली कपाटे उघडावीत. जुने अंक, पत्रके, अधिवेशनांची भाषणे धूळ खात पडली आहेत. ज्यांचे हक्क आपल्याकडे आहेत ती स्कॅन करून, मुक्त परवान्याने, सर्वांना द्यावीत. पुरुषसत्तेविरुद्ध, धर्मांधतेविरुद्ध मराठी मुस्लिमांनी काय लिहिले, हे आमचे विरोधक सांगणार नाहीत. या सुट्टीत एक अंक, एक मुलाखत किंवा संदर्भासह एक लेख, एवढे प्रत्येकाने अंगावर घ्यावे.