जेवणाच्या टेबलावरचा दिवा

आपल्या घरांत जेवणाचे टेबल आता केवळ जेवणापुरते राहिलेले नाही. दुपारी त्यावर भाजी निवडली जाते, संध्याकाळी मुले गृहपाठ करतात, रात्री आम्ही शिक्षक मंडळी वह्यांचे गठ्ठे तिथेच तपासतो आणि रमजानमध्ये सहरीही तिथेच होते. वही तपासताना भरपूर उजेड हवा असतो, तर सहरीला झोपेतून उठलेल्या डोळ्यांना तोच उजेड टोचतो. म्हणून अनेक जण टेबलावर लटकता दिवा आणि भिंतीवर डिमर बसवून घेतात. दिवा हौसेने निवडला जातो, बल्ब मात्र हाताला लागेल तो. मग तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

याचे कारण समजून घेऊ. जुन्या तारेच्या बल्बला वीज कमी मिळाली की तार कमी तापायची आणि प्रकाश मंद व्हायचा. एलईडी बल्बच्या पोटात मात्र एक छोटे सर्किट असते. साध्या बल्बमधले हे सर्किट प्रकाश एकसारखा ठेवण्यासाठी बनवलेले असते. डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापतो, त्यामुळे या सर्किटचा गोंधळ उडतो. म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ असे स्पष्ट लिहिलेलाच बल्ब घ्यावा. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला कधीही जोडू नये.

दुसरी गोष्ट डिमरची. जुन्या डिमरवर ‘६० ते ४०० वॅट’ असे काही लिहिलेले असेल, तर त्यावर निदान ६० वॅटचा भार हवा. पूर्वी ४० वॅटचे तीन बल्ब मिळून १२० वॅट होत. आता ५ वॅटचे तीन एलईडी मिळून १५ वॅटच भरतात. अशा वेळी बल्ब चांगला असूनही लुकलुकतो. तिथे बल्ब नव्हे, एलईडीसाठीचा डिमर बदलावा लागतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट उजेडाची. वॅट म्हणजे विजेचा खप. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन देई. तेवढा उजेड ८-९ वॅटचा एलईडी देतो. घरात दादा-दादी असतील तर थोडा जास्त उजेड देणारा बल्ब घ्यावा. वयाबरोबर डोळ्यांना जास्त प्रकाश लागतो, आणि माशातला बारीक काटा अंधुक उजेडात त्यांना दिसत नाही. जास्त वाटला तर कमी करायला डिमर आहेच.

रंगासाठी खोक्यावरचा केल्विनचा आकडा पाहा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार प्रकाश. ६५०० म्हणजे पांढरा, निळसर. जेवणाला पहिला बरा. ‘सीआरआय’ हा आकडा दिला असेल तर तो ८० पेक्षा कमी नसावा. ९० असेल तर सालनाचा आणि फळांचा रंग अधिक खरा दिसतो.

होल्डर पिनांचा आहे की आट्यांचा, हेही आधी पाहून जा. काचेचा गोळा चहूबाजूंनी बंद असेल तर आत उष्णता साठून बल्बचे आयुष्य घटते. बंद दिव्यात चालेल असा उल्लेख खोक्यावर शोधावा. एका दिव्यात सगळे बल्ब एकाच जातीचे असावेत.

सगळे बल्ब एकदम घेऊ नयेत. दुकानदाराला आपल्या डिमरचे नाव सांगावे आणि परत घेण्याची बोली करून आधी एकच आणावा. सर्वांत मंद करून पाहावा, बंद करून पुन्हा लावावा, आवाज येतो का ते ऐकावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश थरथरतो आहे असे समजावे. मात्र डिमेबल बल्ब एकटाही भार कमी पडल्याने लुकलुकू शकतो, तेव्हा डिमरवरचा आकडा पाहूनच बल्बला दोष द्यावा.

आणि डिमरचा खर्च परवडत नसेल तर? टेबलावर दोन होल्डर, दोन बटणे. एकात ९ वॅटचा आणि दुसऱ्यात ३ वॅटचा साधा बल्ब लावा. मोठा अभ्यासाला, छोटा सहरीला. मुलांच्या वहीवर पुरेसा उजेड पडला आणि दादीला ताटातला काटा दिसला, की दिवा योग्य निवडला असे समजावे.