आधी गेम, मग वर्गणी

दोन-चार मित्र मिळून, स्वतःच्या खिशाला खार लावून गेम बनवणाऱ्यांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. पेट्रिऑन या मासिक वर्गणीच्या संकेतस्थळावर पान उघडा, होऊ घातलेल्या गेमचे झकास चित्र लावा, वर्गणीच्या आठ-दहा पायऱ्या नि प्रत्येकीवर बक्षीस ठेवा. चाहते दरमहा पैसे देतील आणि गेम पुरा होईल. याउलट जुने जाणते नाक मुरडतात. त्यांच्या मते हे वाडगा फिरवणे आहे. गेममध्ये दम असेल तर तो बाजारात खपेल. भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे : वर्गणी म्हणजे उद्याच्या गेमची आगाऊ किंमत. माझा आक्षेप त्या गृहीतावर आहे.

पहिल्या पक्षाचे लाडके उदाहरण २०१२ सालचे. टिम शेफरच्या डबल फाइन कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ४ लाख डॉलर मागितले आणि ८७ हजारांवर लोकांनी ३३ लाख दिले. पुढची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. पैशाबरोबर गेमचा पसाराही वाढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात द्यायचा 'ब्रोकन एज' दोन तुकड्यांत आला, पहिला जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. शिवाय शेफर हे 'मंकी आयलंड' या जुन्या गेमपासूनचे नाव. लोकांनी पैसे दिले ते वीस वर्षांच्या ओळखीला. ज्याचा एकही गेम कोणी खेळलेला नाही, त्याने या उदाहरणावर हिशेब मांडणे म्हणजे बाजारात तुरी!

त्यातही ती एकरकमी मदत होती. मासिक वर्गणीदार दर महिन्याला नव्याने ठरवतो, ठेवायची की बंद करायची. स्वप्न एकदा दाखवता येते, बाराही महिने नाही. आणि बक्षिसांच्या पायऱ्या? टी-शर्ट, पोस्टर, सहीची कार्डे कबूल केलीत की गेम बाजूला पडतो आणि तुम्ही कुरिअरच्या रांगेत उभे राहता.

आता दुसरा पक्ष. आपल्याकडे मासिकाच्या वर्गणीदाराला कोणी दाता म्हणत नाही, की संपादकाला याचक. अंक वेळेवर येतो, म्हणून वर्गणी जाते. नेदरलँड्समधल्या चौघांच्या सॉकपॉपने २०१८ पासून नेमके हेच केले. महिन्याला ३ डॉलर भरा, दोन छोटे गेम घ्या. पुढे त्यांनी वेग कमी केला. यात भीक कुठे आली?

'ड्वार्फ फोर्ट्रेस' या गेमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी तो २००६ साली फुकट खुला केला आणि नंतरही वर्षानुवर्षे त्यात भर घालत राहिले. लोक स्वखुशीने पैसे पाठवत. बदल्यात भाऊ हाताने रंगवलेले चित्र किंवा छोटी गोष्ट धाडत. त्यांचे पेट्रिऑनचे पान आले ते २०१५ मध्ये, सवय जडल्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात विकायला आला आणि महिनाभरात जवळपास ५ लाख प्रती गेल्या. 'दम असेल तर खपेल' म्हणणाऱ्यांनी सांगावे, तो दम येईपर्यंत चूल कशावर पेटत होती?

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. या भावांचा स्टीमचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला तो आजारपणाच्या खर्चाच्या धास्तीने. वर्गणीवर किराणा भरता येतो, दवाखाना नाही. म्हणून विक्रीचा रस्ता बंद करू नये.

मध्यस्थावरही विसंबू नये. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने व्यवहाराचा खर्च देणाऱ्यांवर टाकायचे ठरवले, तेव्हा १ डॉलरची वर्गणी १ डॉलर ३८ सेंटची होणार होती. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. पण तोवर अनेकांचे छोटे वर्गणीदार निघून गेले होते. तेव्हा वर्गणीदारांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, स्वतःजवळ ठेवा. भारतातल्या चाहत्यांसाठी एकदाच पैसे भरायची सोयही ठेवा, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कटणाऱ्या रकमेला आधी वेगळी संमती लागते, आणि तिथेच पुष्कळ हप्ते अडतात.

पैशांचे लक्ष्य गाठले नाही म्हणून गेमही मोडीत काढू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्सची 'राजी' या गेमसाठीची किकस्टार्टर मोहीम २०१७ मध्ये अपुरी पडली. 'राजी' २०२० मध्ये आलाच.

माझे म्हणणे असे : वर्गणी मिळते ती ठरल्या दिवशी काहीतरी हातात पडण्याच्या सवयीला. म्हणून आधी छोटा गेम पुरा करून लोकांच्या हाती द्या. मग महिन्याचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी काहीतरी द्याच : नवी पातळी, फसलेला प्रयोग, दुरुस्त केलेली चूक. पायऱ्या दोनच ठेवा. ज्या महिन्यात द्यायला काही नाही, त्या महिन्याचे पैसे घेऊ नका.

आणि मागायची वेळ झाली हे कळायला सोपी खूण आहे. एखाद्या महिन्यात तुमचा दिवस चुकू द्या. कुणी विचारले, "अहो, या वेळचे कुठे आहे?" तर वर्गणीचे पान उघडा. कुणीच विचारले नाही, तर परत गेमकडे वळा.